जुळ्याची कुळकथा

जुळ्यांपैकी एकाला लागलं की दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, असं घरोघरी म्हणतात. यंत्राच्या ‘डिजिटल ट्विन’कडून हीच अपेक्षा असते.

या कुळाचा मूळपुरुष मानतात तो ‘अपोलो 13’ या अंतराळयानाच्या सिम्युलेटरला. 13 एप्रिल 1970 रोजी, पृथ्वीपासून सुमारे 3,30,000 किलोमीटरवर यानातली प्राणवायूची टाकी फुटली. जखमी यानापाशी कुणालाच जाता येणार नव्हतं. पण जमिनीवर सरावाची सिम्युलेटर होती, आणि वरून रेडिओने येणाऱ्या आकड्यांनुसार ती यानाच्या त्या घडीच्या अवस्थेला आणता येत होती. रुबेलाच्या संसर्गाच्या भीतीने ऐनवेळी मागे राहिलेले अंतराळवीर केन मॅटिंग्ली सिम्युलेटरमध्ये बसले आणि बंद करून ठेवलेलं यान मोजक्या विजेवर पुन्हा कसं जागं करायचं, याच्या पायऱ्या तपासू लागले. हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे गोल तोंडांत बसेनात, तेव्हा पिशव्या, पुठ्ठा, नळी, चिकटपट्टी अशा यानातल्याच वस्तूंची जोडणी आधी खाली करून पाहिली, मग ती कृती वर सांगितली. 17 एप्रिलला यानातले तिघेही अंतराळवीर सुखरूप उतरले.

2002 मध्ये मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी याच नात्याला संगणकाच्या भाषेत मांडलं: खरी वस्तू, तिचं आभासी रूप आणि दोघांमध्ये माहितीची ये-जा. ‘डिजिटल ट्विन’ हे नाव नासाच्या जॉन व्हिकर्स यांचं. 2010 च्या सुमारास ते नासाच्या आराखड्यात आलं.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या, बंदरांच्या छोट्या प्रतिकृतींवर पाणी खेळवून अभ्यास होतो. ही विद्याही थोर आहे. पण जुळं म्हणायचं तर मूळ वस्तूची आजची खबर त्याच्यापर्यंत पोचत राहायला हवी.

अख्ख्या कारखान्याची अशी खबर ठेवणं अवघड, म्हणून सुरुवात तिथून करू नका. एक पंप घ्या, एकच प्रश्न घ्या: इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चाक) किती झिजला? प्रवाह, पंपाच्या दोन्ही बाजूंचा दाब आणि फेरे मोजा. पंपासोबत आलेल्या आलेखानुसार या फेऱ्यांना, या प्रवाहाला दोन्ही बाजूंच्या दाबात इतका फरक यायला हवा, हे संगणकाला शिकवा. प्रत्यक्षातला फरक त्याहून दिवसेंदिवस कमी पडू लागला, तर झिजेचा संशय घ्या, पंप उघडून खात्री करा.

इम्पेलर बदलाल, त्याच दिवशी जुळ्यातही तो बदला. ती नोंद राहून गेली, की नातं तुटलं. पडद्यावर उरतं ते पंपाचं चित्र.