तळटीप : कुरखेड्याच्या दंडारीची चित्रफीत

† लेखकाने येथे उल्लेखिलेली, कुरखेड्याकडील दंडारीची चित्रफीत आज ब्राउझरमध्ये उघडू पाहणाऱ्या वाचकास चित्राच्या जागी केवळ करडा चौकोन दिसेल. तथापि फीत नष्ट झाली, असा समज त्याने करून घेऊ नये. ज्या काळी ती तयार झाली त्या काळी ब्राउझर चित्रफीत स्वतः दाखवीत नसे. ते काम तो फ्लॅश, सिल्व्हरलाइट इत्यादी प्लगइनांच्या हवाली करी, आणि या प्लगइनांतील उणिवा हाच घुसखोरांचा राजमार्ग ठरू लागल्यामुळे, व २०१४ साली अधिकृत मान्यता पावलेल्या एचटीएमएल-५ मध्ये चित्रफितीची अंगभूत सोय असल्यामुळे, ही व्यवस्था क्रमाक्रमाने मोडीत निघाली. क्रोमने २०१५ साली व फायरफॉक्सने २०१७ साली जुन्या धाटणीच्या प्लगइनांना मनाई केली (फ्लॅशला तेवढी काही काळ मुभा राहिली); ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधारच काढून घेतला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालेनासा झाला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु झाडीपट्टीची दंडार ही मुख्यतः मौखिक परंपरेने चालत आलेली कला, तिच्यातील ढोलकीचा ठेका आणि नाचणाऱ्याचे पाऊल कागदावर उतरत नाही, म्हणून येथे या हुकुमाची झळ विशेष जाणवते. ‘एफएलव्ही’ प्रकारची मूळ फाइल हाती असल्यास व्हीएलसीमध्ये ती आजही चालते, आणि एफएफएमपेगच्या साहाय्याने तिची एमपी-४ प्रत काढता येते. ज्यांच्या दप्तरी अशा फाइली असतील त्यांनी ही प्रत विनाविलंब काढावी व मूळ फाइलही जतन करावी, अशी आग्रहाची विनंती आहे. — संपा.