पॅरडाइस व्हॅलीतील पशुपालक कुटुंबे : दस्तऐवज, वस्तू आणि शब्द

अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या उत्तर भागात, हंबोल्ट परगण्यात, पॅरडाइस व्हॅली नावाचे एक खोरे आहे. तेथील पशुपालक कुटुंबांच्या जीवनाची १९७८ ते १९८२ या काळात जी पद्धतशीर नोंद झाली, ती सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. १९७६ च्या कायद्यान्वये काँग्रेसच्या ग्रंथालयात अमेरिकी लोकजीवन केंद्र स्थापन झाले. या केंद्राच्या संशोधकांनी येथे मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, छायाचित्रे घेतली, चित्रफिती तयार केल्या. विल्यम स्टॉक या जर्मन स्थलांतरिताने १८६४ मध्ये स्थापन केलेली ‘नाइन्टी-सिक्स’ रँच हा त्या कामाचा मुख्य विषय होता. रँचच्या मालकाने १९४५ ते १९६५ या काळात स्वतः घेतलेल्या चित्रफितीही या संग्रहात आल्या.

अशा नोंदीची आवश्यकता काय, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. कारण रँचची खरेदीखते, हिशेबवह्या, गुरांवरील डागांच्या नोंदी हे सारे लेखी साहित्य असतेच. परंतु ते मालकीचे साहित्य होय. ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांचा ठाव त्यात क्वचितच लागतो. येथे भाषेची साक्ष उपयोगी पडते.

घोड्यावर बसून गुरे राखणाऱ्यास या खोऱ्यात ‘काउबॉय’ न म्हणता ‘बकरू’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश ‘वाकेरो’चे रूपांतर आहे. स्पॅनिशमधील आद्य ‘व’चा उच्चार ‘ब’सारखा होत असल्याने इंग्रजी कानाने तो ‘ब’ असाच ग्रहण केला. न कमावलेल्या कातड्याच्या विणलेल्या दोरास स्पॅनिशमध्ये ‘ला रेआता’ म्हणत. उपपद नामाला चिकटून ‘लॅरिअट’ हा एकच शब्द झाला. घोड्याच्या तोंडात लोखंड न घालता नाकावर दाब देऊन त्यास वळविणारी मोहरकी म्हणजे ‘हॅकमोर’. त्याचे मूळ स्पॅनिश ‘हाकिमा’, आणि त्याचेही मूळ अरबी ‘शकीमा’. त्या मोहरकीस बांधावयाची केसांची दोरी ‘मॅकार्टी’. हे एखाद्या आयरिश घराण्याचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या ‘मेकात्ल’, म्हणजे दोर, या शब्दाचे स्पॅनिशमधून आलेले रूप आहे. जर्मन कुटुंबाच्या रँचवरील एका घोड्याच्या डोक्यावर अशा रीतीने अरब, स्पॅनिश आणि नाहुआ यांचा वारसा एकत्र नांदतो. मालकीच्या कागदांत न सापडणारे हे ऋण कामकऱ्याच्या जिभेने जपले.

तथापि केवळ शब्द टिपून भागत नाही. ‘डॅली’ हा शब्द घ्यावा. फास पडलेल्या गुराचा दोर खोगिराच्या पुढील खुंटीभोवती झटकन गुंडाळणे, असा त्याचा अर्थ. ‘वेढा दे’ अशा अर्थाच्या स्पॅनिश आज्ञेपासून तो आला. टेक्साससारख्या प्रदेशात दोराचे टोक खुंटीस पक्के बांधून ठेवतात. कातड्याचा दोर मात्र एकदम बसलेल्या हिसक्याने तुटतो. म्हणून वेढा देऊन तो हळूहळू सुटू द्यावा लागतो. हात चुकला तर अंगठा दोर व खुंटी यांत सापडतो. हे कोशातील अर्थावरून उमगत नाही. दोर हाती घेऊन आणि चलच्चित्र पाहूनच उमगते. उलट, नुसते चलच्चित्र त्या क्रियेचे नाव सांगत नाही.

शब्दांची साक्षही अपुरी असते, हे ध्यानात ठेविले पाहिजे. या खोऱ्यातील दगडी इमारती इटालियन पाथरवटांनी बांधल्या. गुरांच्या कामाच्या परिभाषेवरून त्यांचे अस्तित्व कळत नाही, ते भिंतींवरून कळते. ज्यांच्या भूमीवर या रँच उभ्या राहिल्या, ते पायूट लोक पुढे तेथेच गुरे राखू लागले. तेही त्या परिभाषेत जवळजवळ दिसत नाहीत. त्यांचा शोध मुलाखतींतून व छायाचित्रांतूनच घ्यावा लागतो.

सारांश, दस्तऐवज मालकास, शब्द शिकविणाऱ्यास आणि वस्तू घडविणाऱ्यास ओळखतात. यांपैकी एकावरच विसंबून लिहिलेला इतिहास कोणास तरी वगळतोच. रँचवर ट्रक व यंत्रे आली, तेव्हा काही साधने भिंतीवर टांगली गेली. साधन टिकते, ते वापरणारा हात आणि त्याचे नाव उच्चारणारे मुख मात्र एका पिढीपुरतेच असते. म्हणून संशोधकाने वस्तू, क्रिया व शब्द यांची नोंद एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी करावी, हाच या कार्याचा खरा धडा होय.