रिले: क्षीण प्रवाहाची बलवान प्रवाहाला आज्ञा

१/ कारखान्यातील पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा संकेत येतो आणि २३० व्होल्टचा पंप सुरू होतो. दोन्ही प्रवाह एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत. ही किमया साधणाऱ्या रिलेचा जन्म मात्र एका महाविद्यालयात झाला. 🧵

२/ १८३१, ऑल्बनी, अमेरिका. जोसेफ हेन्री यांनी मैलाहून लांब तारेच्या टोकाची घंटा विद्युतचुंबकाने वाजवली. युक्ती अशी: एकापुढे एक जोडलेले अनेक घट आणि चुंबकावर तारेचे पुष्कळ वेढे.

३/ पण दुरून आलेला प्रवाह घंटा वाजवू शके, ओझे पेलू शकत नसे. १८३५च्या सुमारास प्रिन्स्टन येथे हेन्रींनी त्याच्याकडून केवळ एक तार हलवून घेतली. पाऱ्याच्या वाटीतून ती तार उचलली जाताच दुसऱ्या, स्वतंत्र बॅटरीचे मंडळ खंडित होई आणि तिच्या चुंबकाने धरलेले जड वजन धाडकन कोसळे.

४/ म्हणजे आज्ञा एका मंडळाची, श्रम दुसऱ्याचे.

५/ सॅम्युएल मोर्स मुळात चित्रकार. त्यांचा संदेश थोड्याच अंतरावर विरून जाई. सहकारी लेनर्ड गेल यांनी हेन्रींचे लेखन वाचले होते. त्यांच्या सल्ल्याने १८३७ साली संदेश १० मैल तारेतून गेला.

६/ मोर्स यांच्या तारयंत्रातही दुबळा संदेश पुढच्या बॅटरीचे मंडळ जोडून देई. डाकेच्या टप्प्यावर थकलेल्या घोड्याच्या जागी ताजा घोडा जुंपावा, तसे. ‘रिले’ हा शब्द अशा ताज्या घोड्यांसाठी आधीपासूनच रूढ होता. २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारमार्ग सुरू झाला.

७/ मग श्रेयाचा वाद पेटला. हेन्रींनी पेटंट घेतलेच नव्हते. पेटंटच्या खटल्यांत त्यांना साक्ष द्यावी लागली: मोर्स यांचा कोणताही मूलभूत वैज्ञानिक शोध आपणास ठाऊक नाही. १८५५ साली मोर्स यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. स्मिथसोनियनच्या नियामक मंडळाने चौकशी करून हेन्रींची बाजू ग्राह्य धरली.

८/ १८५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोर्स यांचे पेटंट बहुतांशी मान्य केले. परंतु विद्युतचुंबकत्वाने दूरवर अक्षरे उमटवण्याच्या प्रत्येक पद्धतीवरील त्यांचा हक्क फेटाळला.

९/ आजही रिलेवर दोन वेगळे आकडे छापलेले असतात: कॉइलचे व्होल्टेज आणि संपर्कांची क्षमता. २४ व्होल्ट कॉइलला द्यायचे, २३० व्होल्ट संपर्कांतून न्यायचे. २३० चुकून कॉइलला जोडले, तर ती जळते.

१०/ मोर्स यांचे नाव संकेतलिपीला मिळाले. १८९३ साली प्रेरकत्वाच्या एककाला ‘हेन्री’ हे नाव दिले गेले. पेटंट न घेणाऱ्याचे नाव असे विज्ञानाच्या मापातच कोरले गेले.