नलगोंड्याची तुरटी

तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळण्याची रीत महाराष्ट्रांत घरोघरीं जुनीच आहे. तीच तुरटी पुढें माणसांचीं हाडें वांचविण्याच्या कामीं आली, ही हकीकत मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

सन १९३१ मध्यें चर्चिल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें दांतांवरील तपकिरी डागांचा संबंध पाण्यांतील फ्लोराइडशीं जोडून दाखविला. सहाच वर्षांनीं, १९३७ सालीं, शॉर्ट, पंडित व राघवाचारी या त्रयीनें मद्रास इलाख्यांतील नेल्लूर जिल्ह्यांत या दोषाचें अधिक भयंकर रूप नोंदविलें. तेथें सांधे आखडलेलीं व पाठीचा कणा ताठरलेलीं माणसें होतीं. कारण कळलें, पण खेड्यास परवडेल असा उपाय पुढें कित्येक वर्षें हातीं आला नाहीं.

तो शोधला नागपुरानें. तेथें १९५८ सालीं निघालेल्या व १९७४ पासून ‘नीरी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं १९७५ मध्यें एक कृति प्रसिद्ध केली. तिला त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील नलगोंडा जिल्ह्याचें नांव मिळालें. पाण्यांत चुना, ब्लीचिंग पावडर व तुरटी घालावी, हळूहळू ढवळावें, तासभर निवळूं द्यावें आणि वरचें पाणी काढून घ्यावें, एवढीच ती कृति. लिटरास ५०० मिलिग्रॅम तुरटी धरली, तर ४० लिटरांच्या पिंपास २० ग्रॅम लागते. वर्षाकांठीं ७ किलोंहून थोडी अधिक. चुना तिच्या विसाव्या हिश्शाइतका. कागदावर याहून स्वस्त उपाय सांपडणें कठीण!

परंतु कागदाला हात नसतात. तुरटीचें प्रमाण फ्लोराइडवर व पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून असल्यानें विहिरीगणिक तें बदलतें. रोज तोलावयाचें, ढवळावयाचें, वाट पाहावयाची. आणि तळाचा फ्लोराइडयुक्त गाळ टाकावयाचा कोठें? घरच्या बाईचा तो तास कोणत्याहि कोष्टकांत धरलेला आढळत नाहीं. खरा खर्च तर तोच होता.

दुसरा मार्ग सक्रिय अॅल्युमिनाचा. सन १९९० नंतरच्या दशकांत राजस्थानांतील डुंगरपूर जिल्ह्यांत युनिसेफच्या साह्यानें अशा घरगुती गाळण्या वापरल्या गेल्या. रोजचे कष्ट येथें वांचतात. पण आरंभीची किंमत अधिक, शिवाय अॅल्युमिना निकामी झाला कीं कॉस्टिक सोडा व सौम्य आम्ल यांनीं धुऊन तो पुन्हा कामास लावावा लागतो. तें काम जाणत्या माणसाचें. हाडांचा कोळसा केनिया व टांझानियांत वापरांत आला. भारतांत मात्र धार्मिक भावनेनें पुष्कळांना तो निषिद्ध. विद्युच्छक्तीवर चालणारें आर.ओ. यंत्र फ्लोराइड चांगलें काढतें, परंतु बरेंच पाणी वायां घालवून. आणि तें टाकलेलें पाणी अधिकच फ्लोराइडयुक्त असतें.

याच नलगोंडा जिल्ह्याच्या सीमेवर कृष्णेवर नागार्जुनसागर धरण उभें आहे. १९६७ सालीं त्याच्या कालव्यांत पाणी सुटलें. शेतें भिजलीं, तरी जिल्ह्यांतील कित्येक गांवें पुढेंहि बोअरचेंच पाणी पीत राहिलीं. सन २०१६ मध्यें तेलंगण सरकारच्या ‘मिशन भगीरथ’ योजनेचें उद्घाटन झालें आणि नदीचें शुद्ध केलेलें पाणी नळानें घरोघरीं नेण्यास आरंभ झाला. योजनेचा अंदाज ४० हजार कोटि रुपयांच्या वर होता. ही रक्कम केवळ फ्लोराइडसाठीं नव्हती, तेव्हां ती २० ग्रॅम तुरटीच्या किंमतीशेजारीं मांडणें अन्यायाचें होईल. नळाचें पाणी आलें त्या घरांत तुरटी तोलण्याचें काम उरलें नाहीं. त्यापूर्वीं ताठरलेले कणे मात्र तसेच राहिले.