गाडीखालचा आवाज

निवृत्त माणसाने कुत्रं पाळावं, संधिवात पाळावा, अगदीच हौस असली तर एखादी पतसंस्था पाळावी. पण जुनी पिकअप पाळू नये. मी पाळली. तीस वर्षं पोरांना इतिहास शिकवून हातात आलेला फंड आणि मेव्हण्याचा टॉवेलचा कारखाना या दोन गोष्टींची गाठ पडली आणि एके दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. सोलापूरच्या पूर्व भागातून टॉवेलचे गठ्ठे उचलायचे आणि ट्रान्सपोर्टला नेऊन टाकायचे, एवढंच तिचं काम.

कागदोपत्री ती पिकअप. पण मागे हौदा असलेल्या कुठल्याही लहान गाडीला आमच्याकडे टेम्पोच म्हणतात. हा शब्द मूळचा जर्मनीतला, हॅम्बुर्गकडचा. तिथल्या टेम्पो कारखान्याशी करार करून १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो कंपनी काढली आणि तीनचाकी गाड्या रस्त्यावर आणल्या. पुढे तो जर्मन कारखाना राहिला नाही, इकडच्या कंपनीनेही २००५ मध्ये फोर्स मोटर्स असं नाव घेतलं. शब्द मात्र आमच्या गल्लीत आहे तो आहे. इतिहासात राज्यं जातात आणि शब्द उरतात, हे मी वर्गात सांगत असे तेव्हा पोरं जांभया देत.

महिन्याभरात आवाज सुरू झाला. गाडी हळू असली की खालून 'किर्र... किर्र'. वेग वाढला की तेच किर्र एकमेकांच्या पाठीवर बसल्यासारखे. आणि गिअर टाकून क्लच सोडला, की एकदाच 'खट्ट!' म्हाताऱ्याने उठताना गुडघा वाजवावा तसा.

सोलापुरात तीन भाषा बोलल्या जातात आणि या आवाजाचं निदान मला तिन्ही भाषांत मिळालं. पानवाल्याने कन्नडमध्ये सायलेन्सर सांगितला, हमालाने तेलुगूत चाकाचं बेअरिंग सांगितलं, आणि आमच्या हिने शुद्ध मराठीत, "विकून टाका," असं सांगितलं. पहिल्या मिस्त्रीने सायलेन्सरची पट्टी बदलली. दुसऱ्याने पाट्यांचे बुश बदलले. तिसऱ्याने मागच्या चाकांची बेअरिंग बदलली. आवाज जुनाच राहिला, गाडी मात्र नवी होत चालली! चौथ्याने कानावर हात ठेवून डोळे मिटले आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून एक आकडा कागदावर लिहून दिला. तो वाचल्यावर मेव्हणा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. माझ्या फंडात तेवढे पैसे नव्हते आणि त्याच्याकडे तेवढा धीर नव्हता. गाडी विकायची ठरलीच जवळजवळ.

तेव्हा शेजारचे अण्णा आले. अण्णा गिरणीत जॉबर होते. चाळीस-पन्नास मागांच्या मधे उभं राहायचं आणि कुठला माग बिघडतोय ते तो बंद पडायच्या आत ओळखायचं, ही त्यांची नोकरी. एकेक माग मिनिटाला दीडशेच्या वर वेळा धोटा फेकणार, शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येणार नाही. त्या गदारोळात ते एका मागाचा सूर वेगळा काढत. गिरणी बंद झाली तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते. नंतर कुठे वॉचमन, कुठे हिशेबनीस. कानाला काम राहिलं नाही.

"सर, इंजिन बंद करा की ओ," ते म्हणाले. "मागचं चाक जरा उचला."

जॅक लावून आम्ही मागचं एकच चाक उचललं, पुढच्या चाकांना दगड लावले. "अण्णा, चालवून तरी बघा," मी म्हटलं. "चालवल्यावर सगळंच बोलतंय. एकेकाला बोलू द्या." त्यांनी टायरवर खडूची रेघ ओढली, चाक हाताने सावकाश फिरवलं आणि मोजू लागले. रेघ एकदा फिरून जागेवर येईतो दोनदा किर्र झालं. पुन्हा मोजलं. दोनच. "चाकाचा दोष असता तर फेऱ्याला एकदा बोललं असतं," अण्णा म्हणाले. "हे चाकापेक्षा जोरात फिरणारं काहीतरी आहे."

चाकापेक्षा जोरात फिरतो तो मधला लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट. गाडी चालते तेव्हा चाकाच्या एका फेऱ्यात तो चारेक वेळा फिरतो. एकच चाक उचलून फिरवलं तर त्याच्या निम्मे, म्हणजे दोन. दांड्याच्या टोकांना लोखंडी क्रॉसचा सांधा असतो, म्हणून खड्ड्यात मागचा ॲक्सल खालीवर झाला तरी फिरणं चालू राहतं. अण्णांनी मला गाडीखाली निजवलं आणि दांडा उलटसुलट हलवायला सांगितला. खट्ट! सापडलं.

आता इतिहासाच्या मास्तराला राहवेना. हा सांधा अर्ध्या युरोपात कार्दानोच्या नावाने ओळखतात. हा सोळाव्या शतकातला इटलीचा वैद्य, गणिती आणि ज्योतिषी. येशू ख्रिस्ताचीही पत्रिका मांडली होती त्याने, आणि १५७० साली चर्चने त्याला तुरुंगातही टाकलं होतं. इंग्रज मात्र सांध्याला रॉबर्ट हूकचं नाव देतात. हूक तोच, ज्याचा स्प्रिंगचा नियम १६७८ मध्ये छापला गेला. म्हणजे सांधा त्याचा आणि पाट्यांचा नियमही त्याचाच! पण मला खरी मजा वाटते ती वेगळीच. हूक १७०३ मध्ये वारला, आणि १७०५ साली छापलेल्या त्याच्या लेखनात एक कल्पना आहे: घड्याळाची टिकटिक ऐकू येते तशी माणसाच्या शरीरातल्या कारखान्यांची हालचालही कान देऊन ऐकता येईल, आणि आतलं कुठलं यंत्र बिघडलंय तेही कळेल. पॅरिसच्या डॉक्टर लेनेकने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली ती १८१६ साली, शंभरावर वर्षांनी.

हे सगळं मी गाडीखालूनच सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आमचे वडील जुन्या मिलमध्ये होते. त्यांना हे ठाऊक होतं."

जुनी मिल म्हणजे १८७७ साली सुरू झालेली, सोलापूरची पहिली कापड गिरणी. १९४९ च्या ऑगस्टात ती बंद पडली. १९५० च्या जानेवारीत सरकारने अध्यादेश काढून कारभार हातात घेतला, आणि एक भागधारक त्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेला. तो खटला वकील लोक अजून वाचतात. आम्हीही तो कारभाराचा इतिहास म्हणून वाचला होता. अण्णांच्या घरी त्याची आठवण निराळी. वडील पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसत, आणि भोंगा होत नसे. "आवाज येतोय तोवर बरं असतं, सर," अण्णा म्हणाले. "या क्रॉसला ग्रीस कधी घातलं होतं?"

मी काही बोललो नाही. ग्रीस घालायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

क्रॉस तासाभरात बदलला. जुना बाहेर काढला तर आतल्या सुईएवढ्या रोलरांचं तांबडं पीठ झालेलं. खर्च आला तो त्या चौथ्या मिस्त्रीच्या कागदावरच्या आकड्यातलं एक शून्य कमी करूनही उरला. मेव्हणा बोलू लागला; जरा जास्तच.

संध्याकाळी अण्णांना बसवून एक चक्कर मारली. खालून काही नाही. मी नको तितका खूष होऊन बोलत होतो. पूर्व भागात एका बोळाशी आलो तशी अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला. "जरा इंजिन बंद करा."

मला वाटलं, झालं, पुन्हा आवाज! पण ते गाडीचं ऐकतच नव्हते. बोळातून कुणाच्या तरी मागांची खटखट येत होती, मला ती सगळी सारखीच.

"डावीकडचा दुसरा," अण्णा दार उघडत म्हणाले. "धोटा उशिरा पोचतोय. आलोच हं, सांगून येतो."