डॉ. दाभोलकरांचा दुसरा लढा

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यामुळे डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५-२०१३) यांचा व्यसनविरोधी लढा काहीसा झाकोळला गेला. मिरजेत एमबीबीएस झाल्यावर त्यांनी साताऱ्यात सुमारे १२ वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला. कबड्डीतील शिवछत्रपती पुरस्काराचेही ते मानकरी. पुढे साताऱ्यातच त्यांनी 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र उभारले. मद्यपी हा पापी नसून रुग्ण आहे, ही त्यामागची भूमिका. त्यामुळे गंडेदोरे वा शपथांऐवजी औषधोपचार आणि समुपदेशन. शपथ मोडली की रुग्णाच्या पदरी अपराधभाव तेवढा उरतो. शिवाय जुन्या मद्यपीने दारू एकाएकी तोडल्यास येणारे झटके व भ्रम जिवावर बेतू शकतात, हे अनेक घरांना ठाऊकच नसते.

दुकानांचा प्रश्न निराळा. माणमधील एखाद्या खेड्यात २००८ च्या आदेशानुसार महिलांच्या मतदानात एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडावी लागतात. म्हणजे मतदानाला न आलेली स्त्री दुकानदाराच्या खात्यात जमा!

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यांचे पुत्र, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर यांनी 'परिवर्तन'चे काम पुढे चालविले.