काणी एक, कुळे अनेक

खिदिरपूरच्या गोदीपासून हुगळीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेले, की पैलतीरी शिबपूरचे वनस्पती-उद्यान लागते. रॉबर्ट किड याने ते १७८७ साली स्थापन केले. १९०१ साली एडविन बटलर हा बुरशीशास्त्रज्ञ हिंदुस्थान सरकारच्या सेवेत येथेच रुजू झाला. मूळचा तो वैद्यकाचा पदवीधर; पुढे पिकांच्या दुखण्यांचा अभ्यास हेच त्याचे जीवितकार्य ठरले.

बंगालच्या नदीकाठी शरदात कास गवत पांढरेशुभ्र फुलते. क्वचित त्याच्या शेंड्यातून तुऱ्याऐवजी काळा चाबूक निघतो. हीच काणी उसावरही येते, कारण कास हा उसाचा रानातला भाऊबंद. दख्खनच्या बांधावरील हरळीच्या तुऱ्यालाही काजळी लागते. पण ती हरळीपुरतीच. शेजारच्या ज्वारीला तिचे भय नाही. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या. एक निरपराध, दुसरी उसाची वैरीण.

शेतकरी या सर्वांना काणीच म्हणतो आणि नेमकी तेथे फसगत होते. ज्वारीच्या दाणेकाणीत कणसाचा आकार टिकतो, दाण्यांच्या जागी मात्र काळ्या भुकटीच्या पिशव्या येतात. मळणीत त्या फुटून भुकटी निरोगी बियाण्याला चिकटते. म्हणून पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळले की काम भागते. झिपरी काणी सबंध कणसाचाच काळा झुपका करते. तिचे बीजाणू जमिनीत दडून राहतात. गंधक तेथवर कसे पोचणार? कणीस फुटण्यापूर्वी काढून जाळणे हाच तेथे इलाज. हा भेद न कळता ज्याने गंधक चोळले नि पीक गमावले, त्याचा औषधावरचा विश्वास उडाला तर दोष कोणाचा?

मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांची पुस्तिका १९१८ साली पुसाच्या कृषिसंशोधन संस्थेने काढली. बटलरचा पिकांच्या बुरशीरोगांवरील प्रसिद्ध ग्रंथही त्याच सालचा.

गव्हाची मोकळी काणी याहून कपटी. ती फुलाच्या वाटेने दाण्याच्या गर्भात शिरते. बाहेरून बी कितीही धुतले तरी व्यर्थ. डेन्मार्कच्या येन्सनने १८८० नंतरच्या दशकात ऊन पाण्याचा उपाय शोधला, पण पाणी किंचित अधिक तापले की बीच मरे. १९३० नंतरच्या दशकात पंजाबात लुथ्रा यांनी बी सकाळी भिजवून कडक उन्हात वाळविण्याची सोपी रीत दाखविली. बियाण्याच्या आत पोचणारे कार्बॉक्सिन हे औषध १९६६ साली पुढे आले.